बेसबॉल कार्डांचा ट्रेड: भाव नंतर बघा, समोरचा काय जमवतो ते आधी विचारा

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका बाबांनी विचारलं आहे: त्यांचा दहा वर्षांचा मुलगा वर्षभरापासून बेसबॉल कार्डं जमवतो. शाळेच्या बसमध्ये त्याने एली डे ला क्रूझचं, टॉप्स कंपनीच्या २०२४ च्या सेटमधलं रूकी कार्ड (म्हणजे नवा खेळाडू असतानाचं कार्ड) एका मोठ्या मुलाला दिलं आणि न्यूयॉर्क यँकीज संघाच्या खेळाडूंची पाच कार्डं घेतली. त्यातली दोन ॲरन जजची. मुलगा खूश आहे, बाबांना मात्र त्याला गंडवल्यासारखं वाटतंय. सौदा मोडावा का, आणि पुढे कार्डांच्या शोमध्ये किंवा टपालाने ट्रेड करायचे तर मुलाला काय शिकवावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी ओहायोत क्लीव्हलंडजवळ राहतो, आणि अनेक वर्षं अनोळखी लोकांशी कार्डांची अदलाबदल करत आलो आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी ते कार्ड नेमकं कोणतं होतं ते शोधा. मुलाकडे फोटो असेल तर उत्तमच. एकाच खेळाडूचं, एकाच फोटोचं कार्ड टॉप्स अनेक रूपांत काढतं. साधं बेस कार्ड ढिगाने छापलेलं असतं. त्याच कार्डाची सोनेरी किनारीची आवृत्ती असते आणि तिच्यावर त्या वर्षाइतका क्रमांक छापलेला असतो, म्हणजे २०२४ च्या सेटमध्ये एकूण २०२४ प्रती. त्याहून कमी प्रतींच्या रंगीत आवृत्त्या असतात, आणि अगदी एकच प्रत असलेलीही असते. म्हणून कार्डावर कुठे १५/२०२४ असा, मध्ये तिरकी रेघ असलेला आकडा छापला आहे का, हे मुलाला आठवतं का ते विचारा. काही वेळा आकडा नसतो, पण फोटो नेहमीपेक्षा वेगळा असतो. तेव्हा मागच्या बाजूला अगदी खाली बारीक अक्षरांत छापलेला सांकेतिक क्रमांक बघायचा. त्याचे शेवटचे अंक नेहमीच्या कार्डापेक्षा वेगळे असले, तर ती दुर्मीळ आवृत्ती असते. ही सवय मुलाला आजपासून लावा. घाईत झालेले बहुतेक चुकीचे ट्रेड हे कार्ड न ओळखल्यामुळे होतात. भाव ठाऊक नसणं हे कारण त्या मानाने क्वचित असतं.

साधं बेस रूकी असेल, तर सौदा तसाच राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रमांकाचं कार्ड असेल, तर त्या मुलाच्या आईवडिलांना फोन करा, शांतपणे सांगा आणि दोन्ही बाजूंची कार्डं परत करा. शाळकरी मुलांमध्ये ट्रेड त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत फिरवता आला पाहिजे. हा नियम मी कायम पाळतो आणि ओळखीच्या पालकांनाही सांगतो.

साधं कार्ड असेल तर राहू द्या असं का म्हणतो, ते सांगतो, कारण या छंदाचं सगळं मर्म तिथेच आहे. ट्रेड दोन्ही बाजूंना फायद्याचा होतो, कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. तुमचा मुलगा यँकीजवेडा आहे. सिनसिनाटी रेड्सच्या डे ला क्रूझचं कार्ड त्याच्या डब्यात पडून राहिलं असतं. आता जजची दोन कार्डं त्याच्या फोल्डरच्या पहिल्या पानावर असतील. त्या मोठ्या मुलाला डे ला क्रूझ हवा होता, तो त्याला मिळाला. भावातला एक-दोन डॉलरचा फरक घेऊन बाबांनी मध्ये पडलं, तर मुलगा एवढंच शिकेल की त्याच्या आवडीपेक्षा आकडा मोठा.

आता मोठ्यांच्या ट्रेडकडे येतो. समोर माणूस बसला की आपला डबा उघडायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही काय जमवता? उत्तरावरून माणूस कळतो. कोणी एकच संघ जमवतो. कोणी एकच खेळाडू जमवतो आणि त्याची मिळेल ती आवृत्ती घेतो. कोणी सेट पूर्ण करत असतो. १९८७ च्या टॉप्स सेटमध्ये ७९२ कार्डं आहेत, लाकडासारखी किनार असलेली. तो पुरा करणाऱ्याला शेवटची वीस कार्डं मिळेनात, की तो त्या वीस फुटकळ कार्डांसाठी एखादं छान कार्ड आनंदाने देतो. बाजारात त्या वीस कार्डांना कोणी विचारत नाही. त्याच्यासाठी मात्र ती लाखमोलाची असतात, आणि ती वेचून, क्रमाने लावून नेऊन देणारा माणूस त्याच्या कायम लक्षात राहतो. मला आजवर मिळालेली सगळ्यात आवडती कार्डं अशाच ट्रेडमधून आली आहेत.

काही जण होतकरू खेळाडूंच्या कार्डांवर डाव लावतात. बोमन ब्रँडची कार्डं त्यासाठीच प्रसिद्ध. खेळाडू अजून खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये खेळत असतो, आणि त्याच्या कार्डाचा भाव तो एखादा आठवडा जोरात खेळला की वर जातो, गुडघा दुखावला की खाली येतो. भाव फक्त खेळावर ठरतो असंही नाही. स्टार खेळाडू फर्नांडो टाटिस ज्युनियरवर ऑगस्ट २०२२ मध्ये बंदी घातलेल्या औषधामुळे ८० सामन्यांची बंदी आली, तेव्हा त्याची कार्डं हातात असलेल्यांनी रातोरात भाव कोसळताना पाहिला. अशा माणसाशी ट्रेड करायला हरकत नाही, पण त्याला काय हवंय ते समजून करा: त्याला चढ-उतार हवा असतो आणि तुमच्या मुलाला बहुधा नको असतो. तुमच्या बाजूने जुनं, स्थिर कार्ड देऊन त्याच्याकडून तीन होतकरू पोरं घेऊ नका. जुन्या, निवृत्त, हॉल ऑफ फेममधल्या खेळाडूचं रेकॉर्ड आता बदलणार नाही.

इथल्या भारतीय घरांमध्ये मुलं कुमार रॉकरची कार्डं शोधताना दिसतात. टेक्सास रेंजर्सचा हा पिचर. त्याच्या आईचं कुटुंब भारतातून आलेलं. कार्ड महाग आहे म्हणून ती मुलं ते मागत नाहीत. स्वतःसारखं नाव कार्डावर दिसतं म्हणून मागतात. यालाही मी पूर्ण किंमत देतो.

भावाचा भाग थोडक्यात. विकणारा काय मागतो तो भाव धरायचा नाही. तेच कार्ड, त्याच अवस्थेत, गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, ते ईबेवर विकलेल्या वस्तूंच्या यादीत बघायचं. यालाच कलेक्टर ‘कॉम्प्स’ म्हणतात. पूर्वी हे काम छापील भावपुस्तकं करायची. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी कार्डांचे भाव पद्धतशीर गोळा केले आणि १९८४ पासून मासिक काढलं. त्या मासिकामुळे कोपऱ्यावरच्या मुलांनाही आपल्या कार्डाचा आकडा कळला. त्याआधी ट्रेड आवडीवर चालायचा. फायदा झालाच, पण तेव्हापासून ‘तुझं आठ डॉलरचं, माझं दहाचं, दोन डॉलर दे’ ही भाषाही सुरू झाली. ती भाषा अवश्य शिकवा, फक्त ती एकमेव भाषा होऊ देऊ नका.

भावाबाबत एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. एका मोठ्या कार्डाच्या बदल्यात पाच छोटी कार्डं घेताना बेरीज सारखी आली, तरी सौदा सारखा नसतो. मोठं कार्ड विकायला एकदा बसावं लागतं, पाच छोटी कार्डं खपवायला पाचदा. म्हणून मोठं कार्ड देणाऱ्याला बेरजेपेक्षा थोडं जास्त मिळायला हवं, आणि दहा-वीस टक्के वर मागणं मला अगदी वाजवी वाटतं. तुमच्या मुलाला कधी डबाभर छोटी कार्डं देऊन एखादं मोठं कार्ड घ्यायचं असेल, तर समोरचा जास्त मागतो म्हणून रागावू नका. शोमधले दुकानदारही तुमच्या कार्डाला कॉम्प्सपेक्षा कमी धरतात. त्यांना टेबलाचं भाडं भरायचं असतं, कार्ड पुन्हा विकायचं असतं. खरा ट्रेड करायचा तर टेबलांच्या मधल्या वाटेत, पाठीवर बॅग आणि हातात फोल्डर घेऊन फिरणाऱ्यांशी करावा. १९८० पासून जवळजवळ दरवर्षी भरत आलेल्या कार्ड जमवणाऱ्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनात, ज्याला सगळे नुसतं ‘द नॅशनल’ म्हणतात, संध्याकाळी खास ट्रेडसाठी माणसं जमतात. हॉटेलच्या लॉबीत जमिनीवर बसून, मांडीवर डबे घेऊन अकरा-बारापर्यंत चालतं. तिथे मुलाला एकदा तरी न्याच.

आता अवस्थेविषयी, कारण भांडणं इथेच होतात. कार्डाच्या चार गोष्टी बघतात: चित्र मध्यभागी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, घडी आहे का. १९९३ च्या एसपी सेटमधलं डेरेक जीटरचं कार्ड घ्या. त्याचा चकचकीत थर कडांवरून सहज उडतो. त्यामुळे लांबून सुरेख दिसणारं कार्ड हातात घेतल्यावर निराळंच निघतं. कार्ड दिव्याखाली धरून तिरपं फिरवायचं. सरळ बघून जे दिसत नाही ते तिरपं धरल्यावर दिसतं. फोटो पाठवतानाही कव्हरमधून काढून, तिरप्या प्रकाशात, पुढून-मागून काढायचा. दोष आधी आपणच सांगायचा. ‘वरचा डावा कोपरा थोडा मऊ आहे’ एवढं एक वाक्य लिहिलं की समोरचा कधी परत येऊन तक्रार करत नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर ट्रेड करतो.

जुन्या कार्डांत कापलेली कार्डं ही मोठी कीड आहे. घासलेली कड छाटली की कार्ड नवं दिसतं. या छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्डही त्यातून सुटलं नाही. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांत आलेलं टी२०६ मालिकेतलं होनस वॅगनरचं कार्ड. त्याची एक अप्रतिम प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतली. पुढे तिची किंमत कितीतरी पट झाली. २०१३ मध्ये लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. म्हणून जुनं कार्ड घेताना मी त्याच वर्षाचं एखादं फुटकळ कार्ड खिशात ठेवतो आणि दोन्ही एकावर एक धरून बघतो. १९५७ पासून टॉप्सची कार्डं अडीच बाय साडेतीन इंची आहेत. १९५२ ते १९५६ ची त्यापेक्षा मोठी होती. आकार जुळत नसेल तर ट्रेड नाही.

बनावट कार्डांसाठी एक साधं भिंग पुरतं. जुन्या खऱ्या कार्डावर काळी अक्षरं सलग शाईची असतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्यावर तीच अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसतात. १९६३ चं पीट रोजचं रूकी आणि १९८४ चं डॉन मॅटिंगलीचं डॉनरस कार्ड यांच्या नकला फार जुन्या काळापासून फिरत आहेत. १९५२ ची मिकी मँटलची कार्डं तर विचारूच नका. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये तो जवळजवळ सगळा सेट पुन्हा छापला होता. ती छपाई प्रामाणिक होती, पण नंतर काहींनी ती कार्डं घासून जुनी करून खपवली. आणि मूळ कार्ड इतकं दुर्मीळ का? टॉप्सच्या साय बर्गरनेच सांगितलेली हकीकत आहे: न खपलेली १९५२ ची कार्डं १९६० मध्ये बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात टाकून दिली. १९५२ चं, नीट जपलेलं एक मँटल ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. शाळेच्या बसमध्ये कोणी मँटल देऊ करत असेल, तर ते पुनर्मुद्रण आहे असंच धरा.

पीएसए, एसजीसी किंवा बेकेट यांसारख्या कंपनीने अवस्थेप्रमाणे श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं कार्ड असलं, तरी डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि नुसता क्रमांक जुळतो म्हणून थांबू नका. नकली डबीवर खऱ्या कार्डाचाच क्रमांक छापतात. जिथे फोटो उपलब्ध असेल तिथे तो ताडून पाहा.

टपालाने ट्रेड ही जुनी परंपरा आहे. सिराक्यूजचा जेफरसन बर्डिक हा या छंदाचा आद्य पुरुष. संधिवाताने बोटं आखडलेली, पगार बेताचा. १९३० च्या दशकापासून तो देशभरच्या कलेक्टरांशी पत्राने अदलाबदल करत असे, आणि सगळ्यांना एकच भाषा बोलता यावी म्हणून त्याने प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. टी२०६ हा क्रमांक त्याचाच. शेवटी त्याने तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील चिठोऱ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या. मुलाला घेऊन न्यूयॉर्कला जाल तेव्हा हे त्याला अवश्य सांगा.

आजचा टपालाचा रिवाज असा: ज्याच्या नावावर कमी ट्रेड आहेत, त्याने आधी पाठवायचं. म्हणजे सुरुवातीला तुम्हीच. यात अपमान नाही, विश्वास असाच जमतो. कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या पेनी स्लीव्हमध्ये, मग टणक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये घाला. टॉपलोडरचं तोंड निळ्या पेंटर्स टेपने बंद करा आणि टेपचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे समोरच्याला नख न लावता उघडता येतं. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. तिचा गोंद राहतो आणि उघडताना कार्ड घसरून कोपरा जातो. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून बबल मेलरमध्ये, ट्रॅकिंग घेऊन पाठवा. एक-दोन डॉलरची कार्डं साध्या पांढऱ्या पाकिटातून जातात, पण त्यात टणक टॉपलोडर घातला तर छाननीच्या यंत्रात पाकीट अडकू किंवा फाटू शकतं, शिवाय जादा टपाल लागतं. ट्रेडमध्ये वर पैसे द्यायचे असतील, तर पेपॅलवर मित्र-नातेवाइकांच्या पर्यायाने कधीही देऊ नका. कार्ड आलंच नाही, तर त्या पर्यायात दाद मागता येत नाही.

मोठा माणूस आणि लहान मूल यांच्यातल्या ट्रेडविषयी माझं मत कडक आहे. मुलाला भाव माहीत नसेल, तर तो सांगायची जबाबदारी मोठ्याची, आणि आईबाबा शेजारी नसतील तर ट्रेडच नाही. १९९० मध्ये इलिनॉयमधल्या एका दुकानात नोलन रायनच्या १९६८ च्या रूकी कार्डावर बाराशेचा आकडा होता. नव्या मदतनीसाने तो बारा वाचला आणि एका शाळकरी मुलाला ते कार्ड बारा डॉलरला दिलं. मालक कोर्टात गेला. तिथे उघड झालं की मुलाने ते कार्ड आधीच दुसऱ्या दोन कार्डांवर ट्रेड केलं होतं. शेवटी तडजोड झाली, कार्डाचा लिलाव करून पैसे दानधर्माला दिले. त्या प्रकरणात कायदा कोणाच्या बाजूने होता यावर आजही वाद होतो. मला मात्र त्यात एका कार्डापायी मुलाला साक्षीला उभं राहावं लागलं, एवढंच खटकतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण नुकतंच घडलं. लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला २०२४ च्या नाताळात पाकिटातून पॉल स्कीन्सचं एकमेव प्रत असलेलं कार्ड मिळालं, स्कीन्सच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला आणि सही असलेलं. स्कीन्सच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्या कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं आणि बरंच काही देऊ केलं. घरच्यांनी विचार केला, नाही म्हटलं आणि लिलाव केला. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. देऊ केलेलं खोटं नव्हतं, कमीही नव्हतं. पण पिट्सबर्गची तिकिटं लॉस एंजेलिसच्या मुलाच्या किती कामाची?

मोठ्या रकमांच्या ट्रेडबद्दल पालकांनी एक कायद्याची बाब लक्षात ठेवावी. २०१८ पासून करमुक्त अदलाबदलीची सवलत फक्त स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे. म्हणजे भाव वाढलेलं कार्ड देऊन दुसरं कार्ड घेतलं, तरी अमेरिकेत तो नफाच धरला जातो. शाळेच्या बसला याची झळ नाही. पण घरात हजारो डॉलरची कार्डं फिरत असतील, तर कोणतं कार्ड कितीला आलं आणि कशावर गेलं, याची वही ठेवा आणि कर सल्लागाराला दाखवा.

मुलासाठी आता एवढंच करा. दुबार कार्डं वेगळ्या डब्यात काढायला सांगा. हवी असलेली कार्डं त्याच्याच अक्षरात कागदावर लिहू द्या, आणि जी कधीच द्यायची नाहीत ती घरी ठेवू द्या, ट्रेडच्या फोल्डरमध्ये नकोतच. शोमध्ये फोल्डर उघडला की लोक त्यातलं काहीही मागणार, आणि दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. जजची ती दोन कार्डं कोणत्या ढिगात जातात, ते मात्र त्यालाच ठरवू द्या.